पाठ करून मॅच पाहणारे धर्मपाल मामा

धर्मपाल मामा गेले त्याले आता चार महिने होऊन राहिले. पुण्यानुमोदनाले लोकं आले, दोन-दोन शब्द बोलले. चांगला माणूस होता म्हणे, साधा होता म्हणे. चांगले तर होतेच. पण साधे कुठून होते? साध्या माणसाले बेसबॉलचं याड नसते. रायपुरात क्रिकेटवाले गल्लोगल्ली भेटतात. पण सकाळी पाचले उठून, मोबाईल साखरेच्या डब्याले टेकवून, अमेरिकेतली मॅच पाहत चहा पिणारा माणूस साऱ्या बूढ़ापारा मोहल्ल्यात एकच होता. अन् पाच मिनिटानं एकदा शांता मामीले हाक, की पाह्य पाह्य, काय झेल घेतला. मामी कणीक मळत म्हणे, हव, पाह्यला. पाहे-बिहे काही नाही.

हे याड लागलं शाळेत. आठवीत होते मामा. पीटीच्या सरले बेसबॉलसाठी नऊ पोट्टे पाहिजे होते अन् भेटले आठ. मामा तिथून डबा घेऊन चालले होते, सरनं त्यायलेच धरलं. उभं केलं पार उजव्या कोपऱ्यात, काहून की तिकडं बॉल जातच नाही. वर्षभर मामा गवतात उभे राह्यले. साऱ्या वर्षात एक बॉल आला, तो मामानं धरला. त्या एका बॉलवर त्यायनं पुढचे चाळीस वर्ष काढले. ज्याले भेटत त्याले सांगत, अन् दर वेळी बॉल जरा अजून वरून येत जाये.

नोकरी सिलतऱ्याले, एका स्पंज आयरनच्या प्लांटात. क्रेन चालवत, अठ्ठावीस वर्ष चालवली. आता क्रेनचं असं असते, की वर केबिनमध्ये बसलेल्याले खालचं पुरतं दिसत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राह्यते अन् हातानं इशारे करते. बोट वर करून फिरवलं की उचल. तळहात खाली दाबला की उतरव. मूठ बांधली की आहे तिथंच थांब. मामाले सवय अशी पडली, की स्वतःच्या डोळ्यापेक्षा दुसऱ्याच्या हातावर भरोसा जास्त.

पोट्टी झाली दीक्षा. तिले पाच-सहा वर्षाची असतानाच गल्लीत उभी केली. बेसबॉलचा ग्लव्ह काही तेव्हा कोण्या दुकानात भेटे नाही. मग मामानं प्लांटातले वेल्डिंगचे चामडी हातमोजे आणले, अन् तलावाजवळ जोडे-बॅगा शिवणारे हिरालाल भैया आहेत त्यायच्याकडं जाऊन बसले. आत कापूस भरा, इथं जाळी करा, इथं दोन टाके अजून. तीन दिवस माणूस तिथून हलला नाही. हिरालाल भैया म्हणे, भैया, आप ही सिल लो, मैं चाय पी के आता हूँ. पण ग्लव्ह झाला असा दणकट, की दीक्षानं त्याच्यावर शाळेचे सारे वर्ष काढले.

आता खरी गोष्ट. दीक्षा आठवीत असताना तिची पहिली शाळेची मॅच झाली. मामा पुढच्या रांगेत बसले. पोट्टी तीनदा बॅटिंगले आली, तीनदा आउट. चौथ्यांदा ती आली तेव्हा मामा बाटली भरायले नळावर गेले, अन् मागून आवाज आला, टण्ण. वळून पाह्यतात तर पोट्टी दुसऱ्या बेसवर उभी. झालं. मामाच्या डोक्यात बसलं, की आपण पाह्यलं की पोरगी आउट होते. आपलीच नजर पनवती.

मामी हसे. म्हणे, घरात बाबासाहेबाचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, अन् डोक्यात पनवती ठेवून फिरून राहिले. शेजारची बाई मांजर आडवी गेली म्हणून थांबली तर हेच मामा तिले अर्धा घंटा भाषण देत. पण दीक्षाची बॅटिंग आली की भाषण बंद. मैदानाकडं पाठ करून उभे.

पण झालं काय हे तर कळाले पाहिजे ना. मग मामानं मामीले समोर उभं केलं अन् क्रेनचे इशारे शिकवले. मामीचं तोंड मैदानाकडं, मामाचं तोंड मामीकडं. बॉल उडाला, मामीचं बोट वर. आउट झाली, तळहात खाली. काहीच नाही झालं, मूठ. मामीले बेसबॉल तेव्हाही कळे नाही अन् आताही कळत नाही, पण हात मात्र पक्का बसला. नऊ वर्ष असं चाललं. लोकांले वाटे, नवरा-बायकोचं भांडण चालू आहे.

दीक्षा मोठी झाली. समता कॉलोनीत एका दवाखान्यात कामाले लागली, सकाळी प्रॅक्टिस, मग ड्युटी. दोन वर्ष छत्तीसगडच्या टीममध्ये नुसती बाकावर बसली. मागच्या वर्षी पहिल्यांदा खेळणाऱ्या नऊ जणीत नाव आलं. स्पर्धा नागपूरले, राष्ट्रीय. टीमसोबत जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं बॅग भरली अन् मामाच्या समोर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही नागपूरले या. पण पाठ करायची असंल तर घरीच राहा. मैदानातून मले नऊ वर्षं तुमचा शर्टच दिसून राहिला. आता मले तोंड पाहिजे."

मामा म्हणे, अवं पण तुह्याच भल्यासाठी. ती म्हणे, मले भलं नाही पाहिजे. मामानं हो म्हटलं. मामीच्या देखत म्हटलं.

तीन दिवसानं फोन आला, की सेमी फायनल हारलो, उद्या दुपारी तिसऱ्या नंबराची मॅच आहे, केरळसोबत. मामानं साळ्याची इको गाडी मागून आणली. सकाळी पाचले निघाले, मामा, मामी अन् दीक्षाचा मोठा भाऊ यशदीप. यशदीपले गाडी चांगली येते, पण मामा काही चावी देत नाही. मामा गाडीही क्रेनसारखीच चालवत. बाजूले मामी पाहिजे इशारे कराले. ओव्हरटेक असो की खड्डा, मामीचा हात हलल्याशिवाय मामाचा पाय हलत नाही. यशदीप मागून म्हणे, "पापा, ये गाड़ी है, क्रेन नहीं." मराठी समजते त्याले सारी, पण तोंडातून हिंदीच निघते.

राजनांदगावच्या पुढं मामीले डोळा लागला. हातात बेसनाची ठेठरी होती अर्धी खाल्लेली, ती तशीच मुठीत राह्यली. मामानं पाह्यलं, मूठ. लावला ब्रेक. हायवेवर, भर रस्त्यात. मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन थकला, उतरून आला, काय झालं विचारू लागला. मामा म्हणे, मॅडमने रुकने बोला. मामी जागी झाली तर समोर ट्रकवाला हात जोडून उभा, दीदी, जाने दो इनको. मामीनं ती ठेठरी आधी तोंडात टाकली अन् मग मामाले जे बोलली ते इथं टायपायचं नाही.

देवरीले चहाले थांबले. तिथं निघाली गोष्ट, की खेळाडू मोठा कोणाले म्हणाचं. यशदीप म्हणे, जिसके सबसे ज्यादा रिकॉर्ड. मामा म्हणे, ते तर परीक्षेत लिहाले कामी पडते. मामाचं म्हणणं, मोठा तो, जो सगळ्यात लांब मारते. बॉल असा गेला पाहिजे की पाहणाऱ्यानं चहाचा कप तोंडाजवळ आणला असंल तर तो तिथंच राह्यला पाहिजे. यशदीप म्हणे, वो तो क्रेन से भी दूर जाएगा. मामीले विचारलं तर ती म्हणे, मोठी तुमची आई. बारा माणसाचा स्वयंपाक करून मजुरीले जाये, अन् कोणी टाळी वाजवली नाही. मामानं कपातला चहा संपवला. मग म्हणे, हव, पण खेळाचं बोलून राहिलो आपण. मामी म्हणे, मीही तेच बोलून राहिली.

नागपूरले पोहोचले साडेअकराले. मॅच दोनले. मामा पहिल्या पायरीवर बसले, तोंड समोर. दीक्षानं दुरूनच पाह्यलं अन् हात हलवला. ती खुश, मामी खुश.

पण पोट्टी बॅटिंगले आली अन् मामाची चप्पल हरवली. पायात होती चप्पल, तरी खाली वाकून शोधू लागले. दीक्षा आउटच झाली तेव्हा. मामा म्हणे, बघ, मी अर्धवट पाह्यलं म्हणून. दुसऱ्यांदा ती आली तर मामा उठून पाणी आणाले गेले. या वेळी पोट्टी पहिल्या बेसवर पोहोचली. तिथं उभी राहून तिनं पायऱ्याकडं पाह्यलं. मामीच्या बाजूले जागा रिकामी. मग तिनं मान खाली घातली अन् बुटानं माती सारखी करत बसली. मामा पाणी घेऊन आले, काय झालं विचारू लागले. मामीनं नुसतं पहिल्या बेसकडं दाखवलं.

मॅच चालली बरोबरीत. शेवटचा डाव आला, चार-चार. आता ज्याले बेसबॉल माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. चार बेस असतात, चौकोनात. बॅटिंगवाली मारून पळते, एक एक बेस गाठते अन् फिरून जिथून निघाली तिथं, म्हणजे घरी, आली की एक रन. तर आपली रुचिता नावाची पोट्टी तिसऱ्या बेसवर उभी होती. घर समोर दिसून राहिलं तिले. तीन जणी आउट झाल्या की डाव संपते, अन् एक जण आउट झाली होती. अन् बॅट घेऊन आली दीक्षा.

मामा उठले अन् पाठ केली. वचन दिलतं हे त्यायले माहीत होतं, कानही लाल झालते. पण पाय ऐकत नव्हते. म्हणे, शांता, एवढी एक वेळ, एवढी एकच. सांग इशारा.

मामीनं दोन्ही हात पदरात घातले.

"अवं शांता, हात काढ."

"नाही काढत."

"काय झालं ते कसं कळन मले?"

"वळून पाहा, कळन. तुमचे डोळे नऊ वर्ष मीच वापरून राहिली. आता माहे दुखतात."

यशदीप हळूच म्हणे, "पापा, वो इधर ही देख रही है. बॉल फेंकने नहीं दे रही, हाथ दिखा के रुकी है."

खरंच पोट्टी खेळ थांबवून उभी होती. अंपायर तिच्याकडं पाहून राह्यला होता.   मग मामा वळले. हळूहळू, पुरते वळले.

दीक्षानं पाह्यलं. मग बॅट उचलली.

बॉल आला. तिनं मारलाच नाही. बॅट आडवी धरली अन् बॉलले नुसतं टेकवलं. बॉल मेल्यासारखा पडला तिच्या समोरच, दोन-तीन हातावर. पोट्टी जीव घेऊन पळाली, केरळच्या पोट्टीनं बॉल उचलला, पहिल्या बेसवर फेकला. दीक्षा आउट. बॉल अर्ध्या पावलानं तिच्या आधी पोहोचला.

मामीचा हात पदरातून निघाला अन् कपाळाले गेला. तिले वाटलं, आपल्यामुळं झालं. कशाले वळवलं बिचाऱ्याले. आता हा माणूस जन्मभर पाहणार नाही. तिनं घाबरतच मामाकडं पाह्यलं, तर मामा पायरीवर उभे राहून दोन्ही हात वर करून नाचून राहिले होते. एक चप्पल खाली गेली, तिचं भान नाही. ज्याले-त्याले सांगून राहिले, मेरी बेटी है, वो आउट हुई ना, वोच.

"अजी, पोट्टी आउट झाली अन् तुम्ही काहून नाचून राहिले?"

"रुचिता पाह्य, रुचिता! घरी आली ते!"

मग बसून समजावलं मामीले. दीक्षा मारायले गेली असती तर बॉल वर उडाला असता, जवळच कोणी झेलला असता, रुचिता तिथंच अडकली असती. म्हणून तिनं बॉल जवळच पाडला. केरळच्या साऱ्या तिच्या मागं लागल्या अन् रुचिता चुपचाप घरी पोहोचली. स्वतः आउट होणार हे तिले आधीच माहीत होतं. मामी म्हणे, म्हणजे हिचं नावच नाही होणार रनवर? मामा म्हणे, नाही, रुचिताचं होईन. मामी म्हणे, पाह्यलं, मी देवरीले काय सांगतलं होतं? मामा म्हणे, हव. चहाच्या टायमाले मी बकवास केली. घे, जिंकली तू.

मग केरळची बॅटिंग राह्यली होती. ती सारी मामानं उभ्यानं पाह्यली, एकदाही डोळा काढला नाही. पाच-चार. तिसरा नंबर. पोट्ट्या मैदानात लोळल्या.

दीक्षा मातीनं भरलेली पायऱ्याजवळ आली. जिंकलो, पदक भेटन, हे काही बोलली नाही. पहिलं तेच विचारलं.

"बाबा, पाह्यलं?"

"पाह्यलं. अन् तू आउट झाली."

दीक्षा रडू का हसू अशी उभी. मामानं तिच्या केसातली माती झटकली.

"नऊ वर्ष मी मूर्खासारखा उभा होतो, बाई. तू आउट कशी होते हेच पाहाले पाहिजे होतं मी."

टीम रेल्वेनं गेली, पण दीक्षा कोचले विचारून घरच्यासोबत इकोत आली. मागच्या सीटवर बसली अन् साकोली यायच्या आधीच झोपली. मामानं चावी यशदीपले दिली, अन् स्वतः वळून तिच्याकडं तोंड करून बसले. तो एक बॉल कसा आला, बॅट कशी आडवी धरली, हे रायपूर येईस्तोवर सांगत राह्यले. गाडी चालवणाऱ्या यशदीपशिवाय ऐकाले कोणी जागं नव्हतं.

त्याच्यापुढं मामाले सात मॅची भेटल्या दीक्षाच्या. बिलासपूर, भिलाई, जिथं झाल्या तिथं गेले. साती पुढच्या पायरीवर बसून, डोळे उघडे ठेवून पाह्यल्या. तीन जिंकली टीम, चार हारली. हारली त्या चारी दिवशी घरी येऊन मामा पोटभर जेवले, अन् मामीनं टोमणा मारला, की तुम्ही पाह्यलं म्हणून हारली, तर अजून एक पोळी मागून घेतली.