कोरी डिस्क डावीकडे

चादरीच्या कारखान्यातल्या एका माणसाची आयुष्यभराची नक्षी मी चहा गार व्हायच्या आत पुसून टाकली. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे बावन्न वर्षांची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

आमच्या डिझाइनच्या खोलीत एक रीत होती. नक्षी उतरवताना कोरा कागद डावीकडे, जुनी नक्षी उजवीकडे. ही नक्षी ज्यांची ते आमचे मास्तर डावखुरे, त्यांना तसंच सोयीचं. मग त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही सगळेच तसे. पुढं कंप्युटर आला. मी हौसेनं सगळे कागद स्कॅन करून एका डिस्कवर घेतले आणि रद्दीत काढले. वर "कागद साठवून उंदरं पाळताय का, मास्तर?" असंही विचारलं. फार शहाणी ना मी!

मास्तर जवळच्या कुंभारी गावात राहायचे. साखरेनं त्यांची नजर कडेकडेनं विझत चालली होती. डॉक्टरांनी मुदत सांगितली नव्हती, नुसती मान हलवली होती. एक दिवस ते नवी डिस्क घेऊन आले. "अक्का, सगळी नक्षी यात घालून द्या की. डोळे जायच्या आत घरी टीव्हीवर मोठी करून एकेक बघायची हाय."

साधी कॉपी लावली असती तर वेळ लागला असता, पण नक्षी वाचली असती. मला मिरवायचं होतं. कंप्युटरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहून झपाट्यानं कॉपी करायची आज्ञा मी नुकतीच शिकले होते. आधी कुठून, मग कुठं, आणि शेवटी दुसरी जागा पहिलीसारखी हुबेहूब करायची खूण. बत्तीस हातांनी एकदम काम करते म्हणे. माझ्या बोटांनी सवयीनं कोरी डिस्क डावीकडे लिहिली, जुनी उजवीकडे. एंटर.

ओळी धावू लागल्या. खाली जेवणाची सुट्टी झाली, माग एकेक करत थांबले, आणि खोलीत फक्त जुन्या डिस्कची कुरकुर उरली, लाकडात किडा लागावा तशी. मास्तर स्क्रीनला नाक लावून बसले होते.

"लई भराभर चाललंय की."

"मग! अक्का कुणाची?"

मोर, वेल, रुईफूल... प्रत्येक ओळीत एकेका नक्षीचं नाव होतं. ओळी वाचायच्या असतात हे मला कुठं ठाऊक? मी वेग बघत होते. आपण मयतांची यादी बघतोय हे कळलंच नाही.

कुरकुर थांबली. नवी डिस्क उघडली, रिकामी. जुनी उघडली, तीही रिकामी. सांगितलं होतं तसंच, जुनी डिस्क कोरीसारखी हुबेहूब.

मग या बाईसाहेबांनी काय करावं? "उद्या देते," म्हणून मास्तरांना बसमध्ये बसवून दिलं, आणि जुनी डिस्क रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ ठासून भरले! दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला म्हणाला, पुसलेलं परत आणता आलं असतं, पण तुम्ही त्याच्यावरच दुसरं भरलंय.

संध्याकाळी कुंभारीला गेले. सगळं सांगितलं, लग्नाच्या व्हिडिओंसकट. मी परत दिलेली नवी डिस्क मास्तरांनी दोन्ही बाजूंनी चाचपली. मग म्हणाले, "एक बरं झालं की, अक्का. आता डोळे कधी जातेत म्हणून रोज सकाळी भ्यायला नको."