‘अ‍ॅडजस्ट’ कोणी करायचं?

समजा, तुम्हाला एक काम दिलं. ‘अ‍ॅडजस्ट’ या शब्दाच्या जागी चालतील असे शब्द गोळा करायचे. शब्दकोश उघडायचा नाही, मोबाइल बघायचा नाही. दिवसभर घरात हा शब्द कोण कोणाला म्हणतं ते ऐकायचं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात खरं काय होतं ते सांगायचं. करून बघा. संध्याकाळी डोकं तापलं, तर बबिता राठोड तुम्हाला लवकर कळेल.

फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर समाजमंदिराच्या खोलीत ती दहावीच्या पोरींना इंग्रजी शिकवते. स्वतः आयटीआयची फिटर. तिथले सर म्हणायचे, मशीन अ‍ॅडजस्ट करायच्या आधी घासलेला भाग शोधा, नाहीतर धड भाग झिजवून बसाल. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

हे काम तिने पोरींना दिलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं आली.

“भावानं मोबाइल नेला अन् मले म्हणे अ‍ॅडजस्ट कर. म्हणजे गप बस.”

“बापू याडीले, माह्या आईले म्हणे. म्हणजे उरलं ते खाय.”

“वहिनीले म्हणत होते. म्हणजे माहेरी नको जाऊ.”

बबिताने विचारलं, “अन् भावाले कोणी म्हणलं?”

पोरी खो खो हसल्या. “त्याले कोण म्हणते, ताई?”

बबिताला हसू आलं नाही. खडू तिच्या बोटांत मोडला.

त्याच आठवड्यात तांड्याची बैठक बसली. पुरुष सतरंजीवर, बाया मागे भिंतीला. बायांनी ऐकायचं, बोलायचं नाही, ही जुनी रीत. तांड्याचे नायक डोंगरसिंग म्हणाले, “कापसाला भाव नाही, माल थांबवावा लागते. समाजमंदिराची खोली लागन. बबिता, मार्चपर्यंत अ‍ॅडजस्ट कर.”

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. अंधार पडल्यावर पोरींना फुलसावंगीच्या ट्युशनला कोणी पाठवणार नव्हतं. खोली गेली म्हणजे इंग्रजी गेलं, आणि नापास पोरीचं पुढे काय होतं हे भिंतीशी बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. नापास झाली की लग्न.

बबिता उठून सतरंजीच्या काठाशी आली. आईने, जमनीने, पदर ओढला. “बस ना वं.”

ती बसली नाही. “पोरांची कॅरमची खोली हाय ना, नायककाका. तिथं ठेवा कापूस.”

“पोरं कुठं जातीन मंग?” नायक म्हणाले.

“अ‍ॅडजस्ट करतीन.”

मागे एक बाई फसकन हसली आणि तिने तोंडाला पदर लावला. कारभारी भीमसिंग तंबाखू मळत म्हणाले, “आयटीआयवाली हाय. आता आपलेच नट कसते.”

“ढिले असतीन तं कसावंच लागते, काका.”

“जास्त होऊन राह्यलं,” नायक म्हणाले. “किल्ली दे.”

बबिताने किल्ली मुठीत धरली आणि ती चालत घरी गेली. घरी जमनीने तोंड फिरवलं. रात्री ताट मात्र भरून वाढलं.

रविवारी सकाळी खोलीच्या दारात कापसाची गाठोडी रचलेली. किल्ली मिळाली नाही, तर नायकाच्या माणसांनी वाटच अडवून टाकली. पोरी आल्या, बघत राहिल्या. बबिताने एक गाठोडं ओढलं, बाजूला लोटलं. मग दुसरं. पोरींनी दप्तरं खाली ठेवली. जमनी टोपली घेऊन शेताकडे निघाली होती. तीही थांबली, टोपली उतरवली आणि एका गाठोड्याला खांदा लावला. गाठोडी कॅरमच्या खोलीच्या ओट्यावर जाऊन पडली.

दुपारी डोंगरसिंग आले. दारातूनच त्यांनी आत पाहिलं. पोरी लिहीत होत्या. फळ्यावर ‘अ‍ॅडजस्ट’ हा त्या आठवड्याचा शब्द अजून तसाच होता.

“पोरी, तुले समजून सांगावं लागन,” ते म्हणाले.

“सांगा ना. एवढंच सांगा काका,” बबिता म्हणाली, “तुम्ही शेवटचं अ‍ॅडजस्ट केलं, ते कधी, अन् कोणासाठी?”

डोंगरसिंग वळले आणि निघून गेले. खोली अजून पोरींकडे आहे. प्रश्न बबिताकडे आहे, आणि आता ती तो भेटेल त्या प्रत्येक कर्त्या माणसाला विचारते: तुम्ही कधी केलं, कोणासाठी?