मनचं उत्तर

थंडीच्या दिवसांत रिसोडहून केनवडकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत पाऊल ठेवलं, की उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा तो ओलसर, खारट, उबदार वास आधी भेटतो, मग माणसं. कुणाच्या तरी पिशवीत, फडक्यात बांधलेल्या त्या शेंगा अजून वाफाळत असतात. खिडकीबाहेर सोयाबीन निघून गेलेली काळी शेतं आणि त्यांत एकट्याच मागे राहिलेल्या तुरीच्या हिरव्या-पिवळ्या ओळी. आणि आपलं मन त्या एका वासाचा धागा धरून कुठल्या कुठे निघून जातं! आधी फक्त आठवतं, आईची चूल आणि पाटीभर शेंगा. मग उमगतं की आईच्या शेंगा जास्त गोड का लागायच्या. मग तुलना सुरू होते, मग निवाडा, आणि केनवड येईपर्यंत आपण मनातल्या मनात आपल्या हातची नवीच भाजी शिजवून मोकळे होतो.

मनाच्या या चढण्याला पायऱ्या असतात, हे मला बी.एड.ला कळलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी लाजत नाही, मिरवते. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि सर्वांत वर नवनिर्मिती. किती देखणे, किती भारदस्त शब्द! फळ्यावर काढलेला तो जिना पाहून मला वाटलं होतं, विचारालाही घरासारखं बांधकाम असतं तर. आता विज्ञान शिकवताना मी प्रत्येक प्रश्नापुढे त्याची पायरी लिहिते. पण जिना काढणं निराळं आणि एखाद्या लेकराचा हात धरून त्याला त्यावरून वर नेणं निराळं, हे मला गौरीनं शिकवलं.

गौरी माझी दहावीतली विद्यार्थिनी. घरचा भाजीपाल्याचा मळा. यंदा आमच्या शाळेत विज्ञानाचा ऑनलाइन वर्ग सुरू व्हायचा होता; दूरच्या शहरातले एक सर पडद्यावरून शिकवणार, आणि त्यात निवडक मुलांनाच जागा. गौरीच्या वडिलांनी तिला साफ सांगितलं होतं, "त्या वर्गात नंबर लागला त रिसोडले अकरावी सायन्सले धाडतो. नाई लागला त घरचा मळा हायेच." म्हणजे पोरीचं पुढचं शिक्षण त्या एका निवडचाचणीवर टांगलेलं.

चाचणी मोबाइलवर झाली. निकालात प्रत्येक पायरीची एक पट्टी. गौरीच्या खालच्या तीन पट्ट्या काठोकाठ हिरव्या, आणि वरच्या तीन अगदी कोऱ्या, पुसलेल्या पाटीसारख्या. चूक उत्तरसुद्धा नाही. मी तिला वर्गाबाहेर बोलावलं.

"गौरे, हे कोरं काहून सोडलं?"

"मॅडम, पुस्तकात नव्हतं."

"मग आपल्या मनानं लिहायचं ना."

"मनचं कसं लिवू?" ती माझ्याकडे नवलानं पाहत म्हणाली. "सारेच सर-मॅडम त म्हनतात, मनचं लिवू नका."

तिच्या लेखी ते कोरेपण म्हणजे प्रामाणिकपणा होता. ज्या घरात पुस्तक पहिल्यांदा आलेलं असतं, त्या घरात ते देव्हाऱ्यातल्या मूर्तीइतकंच जपून हाताळलं जातं. त्याच्याशी वाद घालायचा असतो, हे कोण सांगणार? मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं? यंत्रानं मात्र त्या आज्ञाधारक शांततेचा अर्थ एवढाच लावला, की हिला विचार येत नाही.

नंबर न लागलेल्यांसाठी फेरचाचणी पुढच्या शनिवारी होती. मी तिच्या घरी गेले, तर तिची आई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. माझं ऐकून ती हसायलाच लागली. "विचार येत नाई म्हन्ते व्हय तो मोबाइल? अवं मॅडम, मी भाजीत मीठ टाकलं तरी हे पोट्टी विचारते, एवढंच कायले? दिवसभर भांडते माह्यासंग. मोबाइलपुढं काहून मुकी होते काय मालूम."

औषध घरातच होतं तर! दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात नवी पद्धत घातली. हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही. पुस्तकातली न पटलेली एक गोष्ट सांगायची, आणि का पटली नाही तेही. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "मले पुस्तकच पटलं नाई," आणि वर्ग हास्यात बुडाला. गौरी नुसती उभी राहायची आणि बसायची. गुरुवारी मात्र ती उठली आणि पुटपुटली, "चित्रातल्या शेतात एकबी बाई नाई. मंग निंदन कोन करते?" त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो माझ्या पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

शनिवारी प्रश्न होता, शाळेतलं पाणी कसं वाचवाल. उत्तरात तिनं हात धुतलेलं पाणी कोथिंबिरीच्या वाफ्यात सोडलं, आणि खाली स्वतःच शंका काढली, की डब्यांचं तेलकट पाणी त्यात नको. वरच्या पट्ट्या अर्ध्याच भरल्या. अर्ध्या, पण हिरव्या. नंबर लागला.

ऑनलाइन वर्ग सुरू झाला तेव्हा ऊन तापू लागलं होतं. पडद्यावरचे सर मधेच थिजत, मधेच बोलत. एकदा ते म्हणाले, पान मलूल झालं, म्हणजे मातीत पाणी कमी पडलं, पटलं ना? सगळ्या वर्गानं एका सुरात 'हो सर' म्हटलं. आणि गौरीनं उठून माइकचं बटण दाबलं.

"सर, मले नाई पटलं. आमच्या भोपळ्याची पानं दुपारून मान टाकतात, अन् सांजच्याले पानी न देताच उभी राह्यतात."

साऱ्या वर्गाच्या माना तिच्याकडे वळल्या. मग सर मनापासून हसले. "असं का होत असेल?"

"ते मले मालूम नाई. पाहून सांगीन."

रविवारी तिनं मला मळ्यात बोलावलं. एका वाफ्याला सकाळी पाणी दिलेलं, दुसऱ्याला नाही. दुपारी दोन्हींतली पानं सारखीच लुळी पडली. "दोघीबी पानं पाह्यत बसल्या," तिची आई जाता जाता म्हणाली, "काम कराले मी हावोच." उन्हं कलली, वारा गार झाला, आणि तहानलेल्या वाफ्यातलं एक रुंद पान, जणू कुणी हाक मारावी तसं, हळूहळू मान वर करू लागलं. त्यामागून दुसरं. गौरीनं बोटानं माती उकरली, चिमटीत दाबून पाहिली.

"मॅडम, ओल त होतीच आतमंदी. मंग दुपारून पान पडलं काहून?"

उत्तर मला येत होतं. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते तिथेच थोपवलं, आणि बांधावर थोडी सरकून तिला शेजारी बसायला जागा करून दिली.