उकरलेली हरळी

माझा स्वभाव मुळातच घाबरट. दार लावलं का, गॅस बंद केला का, हे तीन-तीनदा बघितल्याशिवाय मला आजही चैन पडत नाही. नवरा म्हणतो, तुला काळजीला काही उरलं नाही तर त्याचीही तू काळजी करशील. हसू दे त्याला. ही खोड मला कुठं लागली ते मला पक्कं ठाऊक आहे. लातूरला, बारा वर्षांची असताना, सहा कोंबड्यांपायी.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. वडिलांची हदगावहून तिथल्या एका कचेरीत कारकून म्हणून बदली झाली. नवा जिल्हा म्हणून साहेब आले, बाबू आले, शिपाई आले, आणि सगळ्यांनाच घरं पाहिजे होती. त्यात आम्ही बौद्ध. खोल्या दाखवेपर्यंत सगळं गोड असायचं, मग हळूच आडनाव विचारलं जायचं. एका घरमालकाने तर वडिलांपुढे धरलेली किल्ली परत खिशात घातली. "अरे हो, भावाला विचारायचं राहिलंच की," म्हणाला.  परतताना रस्ताभर वडिलांनी माझा हात इतका गच्च धरला होता की बोटं दुखायला लागली.

शेवटी घर दिलं ते खालाने. खाला म्हणजे साठी उलटलेली, एकटी राहणारी मुसलमान बाई. पुढच्या खोलीत ती, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि त्याच्या मागे परस. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, माणूस दिसायचं पण अंधुक. तिने आडनाव विचारलंच नाही. वडिलांनी आपण होऊन सांगितलं तर म्हणाली, "हाव, कळलं. कोंबडी-बिंबडी पाळा, पोरं पाळा, काय बी करा. फकत तेवढी हरळी सांभाळा."

परसात मोरीच्या तोंडाशी हरळीचा एक तुकडा होता, दोन बाजा टाकता येतील एवढा. खाला नमाजाआधी मोरीवर हातपाय धुवायची, दिवसातून पाच वेळा, एकेका तांब्यात. ते पाणी वाहत त्या गवताला जायचं. दुष्काळ असा पडलेला की गल्लीत टँकर आला तर आला, लिंबाचीसुद्धा पानं गळालेली, आणि आमच्या परसात तेवढं हिरवं. खालाची एक शेळी होती, तिच्या चहाचं दूध त्या शेळीचं. "माझी बकरी त्याच्यावर जगून राहिली," ती म्हणायची. रोज संध्याकाळी विळ्याने एक पेंढी कापायची आणि पुढच्या दाराशी शेळीपुढे टाकायची, हे काम माझ्याकडे आलं.

आईने गावाकडून सहा कोंबड्या आणल्या होत्या, एसटीत, डालग्यात घालून. गाव सुटल्यापासून ती गप्प गप्प झाली होती, कोंबड्यांशी तेवढी बोलायची. त्या शेजारी जाऊ नयेत म्हणून वडिलांनी परसाच्या कोपऱ्यात जुनी जाळी लावून त्यांना कोंडलं. आई म्हणाली, "कोंबडी लोकाच्या दारात गेली की आधी तिची जात विचारतील." जाळीच्या आत सावली होती, मोरीचा ओलावा होता, आणि हरळीही तिथंच. खालालाही काही वावगं वाटलं नाही. किडे खातील, म्हणाली.

आठ दिवसांत मला पहिला खळगा दिसला. कोंबडी गवत खाते म्हणजे नुसते कोवळे शेंडे खुडते, त्याचं एवढं काही नाही. खरा घात तिचे पाय करतात. दोन पाय मागे झाडायचे, मान वाकडी करून बघायचं, एक टोचा मारायचा, परत दोन पाय झाडायचे. दिवसभर हेच. खुराड्याच्या तोंडासमोरचं गवत आधी गेलं. मग जाळीच्या कडेकडेने त्या येरझाऱ्या घालायच्या तिथं पांढरी पाऊलवाट पडली. कोरड्या बाजूला त्यांनी मातीत लोळायला वाटीसारखे खड्डे केले. विष्ठा साचली तिथं पाती पिवळी पडून जळाली.

 हरळी गेली की घर गेलं, एवढंच मला कळत होतं. आईला सांगावं तर ती कोंबड्या विकून टाकेल आणि पुन्हा मुकी होईल. वडिलांना सांगावं तर त्यांच्यापुढे परत ती किल्ली खिशात जाताना मला दिसायची. मी कुणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी तोंड धुवायच्या निमित्ताने परसात जायचं आणि हिरवं किती उरलं ते वितीने मोजायचं.

मग मी अक्कल चालवली. भांडी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, आईची नजर चुकवून हरळीवर ओतायला लागले. त्या दिवसांत पाणी चोरणं म्हणजे काय, ते टँकरपुढे घागरी घेऊन उभं राहिलेल्यालाच कळेल. मला वाटलं, आता तरी फुटेल. उलट दोन दिवसांत जास्तच उजाड! एकदा ओतून तिथंच उभी राहिले तेव्हा उजेड पडला. ओली माती मऊ होते आणि गांडूळं वर येतात. माझी बादली दिसली की सहाच्या सहा धावत यायच्या आणि मी भिजवलेलं तेवढंच मुळासकट उपसून काढायच्या. मी पाणी देत होते आणि त्या नांगरत होत्या. कर्म माझं!

उरलं ते फक्त जाळीच्या कोपऱ्यात आडव्या पडलेल्या मोडक्या बाजेखाली. तिथं त्यांचे पाय पोचत नव्हते. त्या बाजेकडे मी रोज बघायची, पण घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. तशीच आणखी एखादी वस्तू आडवी टाकावी, हे काही सुचलं नाही.

शेळीचं पोट मात्र थांबणार नव्हतं. टँकर भरायच्या जागी, गावाबाहेर, नळ गळायचा आणि खाली थोडं गवत असायचं. शाळेतून आले की विळा फडक्यात गुंडाळायचा, पिशवी काखेत मारायची आणि निघायचं. जाताना खाला तिच्या दाराशी बसलेली असायची. "कुठं गे?" ती विचारायची. "मैत्रिणीकडं," मी सांगायची. येताना गल्लीच्या मागून परसात शिरायची आणि मग परसातूनच कापून आणल्यासारखी पेंढी शेळीपुढे टाकायची. महिनाभर हे नाटक चाललं. खालाने विचारणं हळूहळू बंद केलं. नुसती मान वळवून माझ्या पिशवीकडे बघत राहायची. हिला कळलं, आता घर सोडायला आज सांगते की उद्या सांगते, या धास्तीने माझं जेवण तुटलं.

एका शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर ती काठी टेकत आमच्या दारात आली. कधी यायची नाही. आई तांदूळ निवडत होती. मला वाटलं, संपलं सगळं. खाला उंबऱ्यातच उभी राहिली आणि आईला म्हणाली, "घर बदलून राहिले का तुम्ही?"

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "कोण म्हणलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे. पोरगी रोज पिशवी घेऊन जाऊन राहिली. एक एक सामान हलवून राहिले न्हवं? मला दिसत न्हाई म्हणून गुपचूप. मोठं घर भेटलं असंल. भेटू दे. पर सांगून जावं माणसानं. मी काय पायाला धरणार होते का?" तिचा आवाज कापत होता.

मला रडूच फुटलं. भोकाड म्हणतात ते. विळा, नळ, खोटी मैत्रीण, चोरलेलं पाणी, सगळं एका दमात बाहेर आलं. दोघींना घेऊन मी जाळीत गेले. खालाला दिसणार नाही म्हणून मी तिचा हात धरून वाकवायला लागले, तर तिने चपला काढल्या आणि अनवाणी पायाने जमीन चाचपत फिरली. एकीकडून दुसरीकडे. पायाला कुठंच गवत लागलं नाही. 

"येडी पोरगी," ती म्हणाली. "हरळी अशी मरती व्हय? माझ्या बापानं सारी जिंदगी शेतात हरळी खोदली. बाप मेला, हरळी हाय."

आईने उकरलेल्या खळग्यात बोट घातलं आणि एक पांढरी मुळी ओढली. ती सुटेचना. वडील तर लहानपणी लोकांच्या शेतात पहारीने हरळीच खोदायचे. घरात एकदा विचारलं असतं तर महिना वाया गेला नसता. पण भ्यालेलं माणूस विचारतं कुठं?

"बोरीच्या काट्या आणून निम्म्यावर टाका," खाला म्हणाली. "पंधरा दिवस कोंबड्या इकडं, पंधरा दिवस तिकडं." मग काठीवर भार देऊन परत मूळ गोष्टीवर आली. "म्हंजी तुम्ही जाऊन न्हाई राहिले?"

आई बोटांची माती झटकत होती. गाव सोडल्यापासून ती बाहेरच्या माणसाशी इतकं सरळ बोलल्याचं मला आठवत नाही. "खाला," ती म्हणाली, "आम्हाला दुसरं घर कोण देणार हाय?"

 खाला चपला पायात सरकवत म्हणाली, "मंग बरंच झालं की."

आई तिच्याकडे बघत राहिली, आणि एकदम हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खालाही हसली. मी तेवढी दोघींमध्ये उभी राहून अजूनही विचारत होते, "म्हंजी घर राहणार ना? नक्की राहणार ना?"