किसनकाकांचा साधा आवाज

आज तरी आमच्या अल्बमची लिंक शेअर करू नका. हात जोडतो.

सकाळपासून फोन वाजून राहिलाय. "काय व्हॉइस होता यार", "गूजबम्प्स", "लेजंड".

आमच्या पहिल्या अल्बमवर गाणारे किसनकाका मागच्या आठवड्यात गेले, हे तुम्हाला कळलंय. पण तुम्ही ज्याच्याखाली रडणाऱ्या इमोजी टाकताय, तो काकांचा आवाज न्हाई.

तो मी करून ठेवलेला उद्योग आहे.

काका जवळा बाजार गावचे. शिलाईचं दुकान. भीमजयंतीला पेटी घेऊन गायला बसले की अख्खी वस्ती गप्प. माईक बंद पडला तरी पार मागं बसलेल्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू जायचा.

आमी तिघं हिंगोलीचे. गिटार, ड्रम आणि मोठमोठ्या बाता. सायकेडेलिक फोक बँड काढला आणि काकांना धरून आणलं.

हे सायकेडेलिक मंजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हणलं, गाणं ऐकून माणसाचं डोकं गरगरलं पाहिजे. काका म्हणाले, मग त्याला दुपारच्या उन्हात उभं करा, माझी काय गरज?

पण आले. हळदीच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये रेकॉर्डिंग केलं. धुळीनं काका शिंकायचे, हसायचे, पुन्हा गायचे.

मिक्सिंगला मी बसलो. आवाजावर इको, त्याच्यावर अजून इको. एका गाण्यात तर त्यांचा आवाज उलटा फिरवला. लई भारी वाटलं होतं मला.

काकांना ऐकवलं तेव्हा डोळे मिटून बसले. मग हळूच म्हणाले, "यात मी कुठं हाय रे?"

मी म्हणलं, सगळीकडं तुमीच तर आहात की.

"बराबर असंल. तुमाला जास्त कळतंय."

अल्बम आला. लॅपटॉप भरला होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंग सगळं डिलीट केलं. फायनल मिक्स झाल्यावर ते कशाला लागतंय? हा माझा शहाणपणा.

आज काकांचं पुण्यानुमोदन होतं. बुद्धवंदना झाली. काकू म्हणाल्या, स्पीकर आहेच, त्यांचं एक गाणं लाव.

त्यातल्या त्यात साधं गाणं लावलं. मंडपातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. काकू मात्र शेवटपर्यंत कान देऊन बसल्या.

मग माझ्याजवळ आल्या.

"लेकरा, आवाज फिरवायच्या आधीचं असंल ना तुझ्याकडं? ते लाव."

मी कसंबसं न्हाई म्हणलं.

काकूंनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. जेवून जा, म्हणल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत लावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून विचारतो. जवळा बाजार, औंढा, नरसी, हिंगोली, काका कुठंही गायले असतील आणि तुमच्या मोबाईलमध्ये एखादी क्लिप असेल तर शोधा.

मागं डीजे वाजत असला तरी चालेल. लेकरू रडत असलं तरी चालेल. हललेली, अर्धवट, कशीही.

फक्त ती साफ करू नका. वरून काही लावू नका. जशी आहे तशी पाठवा.

काकूंना ऐकवायचीय.

जयभीम, किसनकाका.

विश्वासानं आवाज दिला होता तुमी आमच्या हाती. माफ करा म्हणायलाही तोंड न्हाई मला.