शिंपलीबायने माझी बाजू घेतली

शिंपलीबाय शिवी द्यायची, पण वाढवून नाही. मला गाढव म्हणाली की लगेच सांगायची, "आज. काल नव्हतास."

बाळकुमच्या खाडीकाठी तिची होडी होती. नवरा गेल्यावर धंदा तिनेच चालवला. रविवारी देवळात जायची, बाकी सहा दिवस मला वळण लावायची. मी तिचा वल्हेकरी. लिहिणं-वाचणं दोघांनाही येत नव्हतं, म्हणून हिशेब शिंपल्यांवर. तिने रोज संध्याकाळी एक शिंपला मडक्यात टाकायचा. वाऱ्यामुळे होडी सुटली नाही तर त्याला भोक पाडायचं, मी ताडी पिऊन आडवा असलो तर काजळी फासायची. दोन्ही असलं तर भोक पाडून काजळी.

पलीकडच्या गावचा मिठागरवाला आपली पोरगी चंद्री मला द्यायची का, हे बघायला आला. मी चंद्रीला मनात कधीच घरी आणलेली. त्याने विचारलं, "बाय, हा कामाचा हाय का?"

बायने मागच्या दहा दिवसांचे शिंपले समोर ओतले.

त्याने बोटांवर मोजले. "भोकाचे सहा. काळे चार. झाले दहा! म्हणजे होडी एकदा पण सुटली नाय?"

मी मान डोलावली. "हिशेब चोख हाय, मामा."

"आरं मुडद्या," बाय ओरडली, "मग हे तीन कोरे कुठनं आले?"

"मामांनी येताना आणले असतील."

तिने माझ्या टाळक्यात मारली. मग भोक आणि काजळी दोन्ही असलेले तीन शिंपले मामापुढे वेगळे काढले. "हे तू भोकाच्यात पण धरलेस, काळ्यात पण. एकदाच धर. होडी अडली सात दिवस, सुटली तीन."

मामाचं तोंड तरी आंबटच.

बाय त्याला म्हणाली, "आता भोकाचे सगळे बाजूला कर. वारा नव्हता असे उरले चार. त्यात काळा किती?"

"एक."

"आणि वाऱ्याच्या सहांत?"

"तीन!"

"मग? होडी बांधलेली असली की हा ताडाखाली जातो. वारा सुटला की तुझ्या आगरात मीठ लवकर धरतं, तेव्हा तुला माणूस लागतो. त्या दिवशी ह्याला घेऊन जा."

मामा हसला. "आणि वारा नसताना चारांत एकदा पितो, त्याचं काय?"

"तो दिवस तुझ्या पोरीने बघायचा."

लग्नानंतर चंद्रीने बघितला. वल्ह्यानेच बघितला. नंतर तसा दिवस उगवलाच नाही.

दोन वर्षांनी बाय तापाने गेली. तिला खांदा द्यायला मामा खाडी ओलांडून आलेला, मला घट्ट धरून रडला. तोवर मला वाटायचं, माझ्यासारख्याची बाजू घ्यायची तर माणसाला खोटंच बोलावं लागणार. बायने सगळं खरं सांगितलं, आणि तरी मला बायको मिळाली.