बहिणीची एल्डरबेरी

दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे फराळाच्या आधी औषध खातात. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा असं काय काय वाटून गुळा-तुपात आटवलेलं काळं लेह्यम्. तमिळ मुलखातल्या आमच्या कुंभकोणात ते घरोघरी होतं. तेल लावून अंघोळ झाली, नवे कपडे घातले, की घरातलं सगळ्यांत मोठं माणूस त्याची सुपारीएवढी गोळी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवतं आणि ती मुकाट्यानं खायची असते. आमच्या घरी वर आणखी एक कायदा होता. तिखट लागलं म्हणून कुणी तोंड वाकडं केलं, तर आई लगेच दुसरी गोळी हातावर ठेवायची. माझ्या धाकट्या बहिणीनं अशा दुसऱ्या गोळ्या जन्मभर खाल्ल्या. लग्न होऊन इंग्लंडला गेली, केस पिकायला लागले, पण तोंड सरळ ठेवणं काही तिला जमलं नाही.

गेल्या दिवाळीला ती आली ती स्वतःचं औषध घेऊन. बॅगेत दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळलेली बाटली, आत जांभळट काळा, दाट रस. तिच्या घरामागच्या कुंपणात एल्डरबेरीचं झाड आहे. त्याला उन्हाळा सरताना काळ्या मण्यांसारखी फळं येतात आणि तिकडची माणसं सर्दी-पडसं सुरू झालं की त्यांचा पाक चमचा-चमचा घेतात. चपला काढल्या न काढल्या तोच ती आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि परीक्षेला बसल्यासारखी सांगायला लागली.

"पिकलेलीं, काळीं तेवढींच घेतलीं, आई. हिरवें एक नाही. देठ काढलें, पान काढलें. कच्चें फळ पोटांत गेलें तर ओकारी होते. म्हणून खूप वेळ उकळलें, गाळलें, निवल्यावर मध घातला. आलें, दालचिनी, लवंग."

"बिया?"

"गाळण्यांत राहिल्या."

आईनं बाटली उजेडाकडे धरली. आमच्या परसात विहिरीजवळ मणत्तक्काळी आहे, मिरीएवढ्या काळ्या फळांची. तोंड आलं की आई तीच खायला द्यायची, आणि हिरव्या फळाला हात लावला तर हातावर फटका बसायचा. तोच धडा धाकटीनं समुद्रापार नेऊन तिथल्या फळावर गिरवला होता. आई तिच्याकडे अशी काही बघत होती की मला खरं सांगायचं तर रागच आला. सकाळ-संध्याकाळ गोळ्या मी मोजून द्यायच्या, अंघोळ मी घालायची, आणि असं बघणं मात्र वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुणीच्या वाट्याला.

आईच्या फुप्फुसांना काय झालं होतं ते डॉक्टरांनी आम्हाला सोपं करून सांगितलं होतं. शरीराची राखण करणारी शक्तीच उलटली होती आणि घरच्यांवरच हात टाकत होती. त्या शक्तीला गुंगीत ठेवण्यासाठी गोळ्या होत्या. त्या चालू असूनही आईला देवघरापर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागे. नाचियारकोविलहून आणलेला पितळी दिवा तिला आता उचलवत नसे. मी तो घासून, वात घालून तिच्यासमोर आणून ठेवायची आणि ती फक्त काडी ओढायची.

"तूं सगळें करतेस, अक्का," बहीण त्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरात म्हणाली. "मी काय करतें? फोन करतें. मला तिच्यासाठीं एक तरी गोष्ट करूं दे."

म्हणजे त्या बाटलीत सगळं होतं. तिच्या वाटणीची अंघोळ, तिच्या वाटणीच्या गोळ्या, तिच्या वाटणीचा तो दिवा. ते मला कळलं. तरी मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंब द्यायचा नाही.

"फळ आहे तें!" ती फणकारली. "फळ खायला डॉक्टर कशास?"

पण मी हटले नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोघी बाटली घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यांनी बूच काढून वास घेतला, कसं केलं ते विचारलं आणि शांतपणे तमिळमध्ये समजावलं. धडधाकट माणसानं नीट शिजवलेला हा पाक सर्दीच्या सुरुवातीला चार दिवस घेतला तर बहुधा काही बिघडत नाही. काहींना थोडं लवकर बरं वाटतं म्हणतात, पण त्याचा पुरावा तोकडाच आहे. ताप चढला, धाप लागली तर ह्याच्या भरवशावर घरी बसायचं नाही. मधुमेह असेल तर आतल्या गोडाचाही विचार करायचा. बहीण मान हलवत होती. तिला वाटलं, झालं, जमलं. मग ते म्हणाले, "पण तुमच्या आईला नाही. मी गोळ्या देऊन ज्या शक्तीला झोपवतोय, तिलाच हे जागं करील अशी भीती आहे. माझ्या पेशंटला मी हे देऊ देणार नाही."

रिक्षात ती खिडकीकडे तोंड करून रडली. मला तिची कणव आली. घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "टाकूं नका. माझ्या लेकीनें केलें आहे. बर्फाच्या खणांत ठेवा."

दिवाळीच्या पहाटे लेह्यम् मी केलं, पण दिलं आईनंच. बहिणीनं तोंड वाकडं केलं आणि दुसरी गोळी खाल्ली. आई हसली, हसताना तिला खोकल्याची उबळ आली, आणि आम्ही दोघी तिची पाठ चोळत बसलो.

बहीण परत गेली तरी बाटलीचा नाद तिनं सोडला नाही. दर रविवारच्या फोनवर शेवटी तेच. "परत विचारलेंस का? आतां गोळ्या बदलल्या आहेत ना? आतां तरी चालेल?" मी वैतागायची. गणिताची मास्तरीण मी, दारासुरमच्या शाळेत जन्म गेला. एकदा उत्तर आल्यावर तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवायला लावणाऱ्यांची मला चीड आहे. तरी प्रत्येक खेपेला विचारायची. डॉक्टर प्रत्येक खेपेला नाही म्हणायचे, आणि मी तेवढा निरोप पोचवायची.

पोंगल झाला आणि आईचं खाणं सुटलं. पेजेचे दोन घोट म्हणजे मोठी गोष्ट. नाकाला ऑक्सिजनची नळी आली, खाट हॉलमध्ये आली. एका दुपारी डॉक्टर घरी येऊन गेले. तपासून झाल्यावर बराच वेळ ते आईचा हात हातात घेऊन बसले. पथ्याचं काय, म्हणून मी दारापाशी विचारलं.

"आता पथ्य नको. मागतील ते द्या."

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "ती बाटली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "द्या," म्हणाले. "आता हरकत नाही."

मी लगेच फोन लावला. का कोण जाणे, मलाही वाटलं की एवढा निरोप तरी तिला गोड लागेल.

"चालतें म्हणाले डॉक्टर."

"खरें?" तिचा आवाज चढला. "मी म्हणत नव्हतें? ऐक, बाटली खालीं काढून ठेव, एकदम गॅसवर नको. कोमट कर. एकच चमचा, आणि तिजला सांग की..."

ती मध्येच थांबली. तिकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

"अक्का, आतां कसें चालतें?"

इतके महिने ज्या नकाराला मी कंटाळले होते, तो आता मला हवा होता.

"मी निघतें," ती म्हणाली. "तोंवर तूं दे."

संध्याकाळी पाक कोमट करून मी खाटेपाशी नेला. आईनं रंग ओळखला. तिचा हात पांघरुणाबाहेर आला आणि तळवा वर झाला. आयुष्यभर आमच्या हातावर औषध ठेवणारा तो हात असा पसरलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी त्यावर दोन थेंब सोडले. तिला हात तोंडाशी नेववेना, म्हणून मीच नेला. तिनं तोंड वाकडं केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "लवंग जास्त पडली आहे. सांग तिजला."

बहीण पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. रिकाम्या खाटेच्या कडेवर ती बसली. प्रवासाचा स्वेटरसुद्धा काढला नव्हता.

"घेतलें तिनें?"

"घेतलें."

"काय म्हणाली?"

आवडलं म्हणाली, असं सांगणं सोपं होतं. पण आईचे शेवटचे शब्द बदलण्याची माझी छाती झाली नाही. लवंगेचं सांगितलं. तिनं बाटली मागून घेतली. मी चमचाभर पाक तिच्या तळहातावर ओतला, तो तिनं चाटला आणि खरंच नीट चव घेतली.

"पडली आहे खरी," ती म्हणाली. "पुढच्या खेपेस कमी घालतें."

आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. मी दुसरा चमचा भरला आणि तिच्या हातावर ओतला.